सोन्याची मोजडी आणि म्हातारीचा भोपळा

इ. स. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर दक्षिण मराठा मुलुखाच्या दौऱ्यावर निघाले होते. सोबत त्यांची कन्या मेरी होती, वय अवघे विशीचे. तंबूंच्या त्या मोठ्या लवाजम्यात बोलायला जवळची अशी एकच स्त्री होती, ती म्हणजे तिची आया, अ‍ॅना लिबेराता डिसूझा. मुक्कामामागून मुक्काम पडत होते. वेळ घालविण्यासाठी मेरीने अ‍ॅनाला गोष्टी सांगण्याची गळ घातली आणि अ‍ॅनाने आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आपल्याला येत होत्या तेवढ्या इंग्रजीत सांगितल्या. मेरीने त्या लिहून काढल्या व १८६८ साली लंडनहून ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्यांचे पुस्तक निघाले. भारतीय लोककथा प्रत्यक्ष सांगणाराच्या तोंडून ऐकून सिद्ध केलेल्या आरंभीच्या इंग्रजी संग्रहांत त्याची गणना होते. त्या काळच्या रिवाजाच्या मानाने एक गोष्ट विशेष म्हणावी लागेल. सांगणाऱ्या बाईचे नाव, तिच्या घराण्याची हकीकत आणि तिचे चित्रही मेरीने पुस्तकात घातले.

ती हकीकत आमच्यासारख्या स्थलांतरित घराण्यांतील वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अ‍ॅनाच्या आजोबांचे घराणे लिंगायत, राहणारे कालिकतचे. पुढे ते गोव्याजवळ येऊन स्थायिक झाले आणि तेथे आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे इंग्रजांच्या चाकरीबरोबर कुटुंब आणखी वर सरकले. म्हणजे ज्या गोष्टी ‘दख्खनच्या’ म्हणून जगापुढे आल्या, त्यांच्यावर मलबार, गोवे आणि देश अशा तीन मुलुखांची माती लागलेली होती. ‘ही कथा मूळची कुठली?’ असा प्रश्न अ‍ॅनाच्या आजीला कोणी विचारला असता, तर तिला त्याचे हसूच आले असते.

या संग्रहात ‘सोदेवाबाई’ नावाची एक कथा आहे. नावाचा अर्थ ‘सद्भाग्याची बाई’ असा दिलेला असल्याने मराठी कानाला ती सुदैवाबाईच होय. ही राजकन्या जन्मली तीच गळ्यात सोन्याची माळ घेऊन. त्या माळेत तिचा प्राण. माळ दुसऱ्या कोणी गळ्यात घातली की हिचा मृत्यू. ती बोलू लागली की तोंडातून मोती आणि रत्ने गळत. तिच्या हौसेखातर बापाने सोन्याच्या, रत्नजडित मोजड्या करवून दिल्या. एके दिवशी डोंगरउतारावर फुले वेचताना एक मोजडी पायातून निसटली व खाली रानात जाऊन पडली. शिकारीस आलेल्या एका राजपुत्राला ती सापडली. त्याने मोजडीच्या धनिणीचा शोध लावला आणि तिच्याशी लग्न केले.

मोजडीपर्यंत कथा आली की कोणतेही शाळकरी मूल हात वर करते, ‘ही तर सिंड्रेला!’ मुलांच्या मनात खरे कुतूहल जागे होते ते याच ठिकाणी, असा आमचा अनुभव आहे. आमच्या गावातील साहित्यमंडळात काही वर्षे रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग चालतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत हिंदी आणि घरात अर्धीमुर्धी मराठी, अशी ही मुले. शुद्धलेखन आणि पाठांतर यांना ती लवकर कंटाळत. तेव्हा एका वर्षी आम्ही असे ठरविले की, वर्षभर दोनच गोष्टी घ्यायच्या. मात्र त्या जितक्या देशांच्या रूपांत मिळतील तितक्या रूपांत सांगायच्या आणि त्यांत काय बदलले, काय तसेच राहिले, ते मुलांनाच शोधू द्यायचे. त्या वर्षाने आम्हांला जे शिकविले ते या लेखात मांडीत आहोत.

पहिल्याच दिवशी मुलांनी प्रश्न केला, ‘मग यातली खरी गोष्ट कोणती?’ आमचे आयुष्य महसूल खात्यात गेले. एकाच जमिनीच्या खसऱ्याच्या तीन नकला समोर आल्या, तर त्यांतील एक खरी धरून उरलेल्या दोन रद्द करणे, हा आमच्या नोकरीचा धर्म. कथेला हा न्याय लावता येत नाही, हे मुलांना पटवून देण्यापूर्वी आमच्यासारख्यांना स्वतःलाच पटवून घ्यावे लागते. यासाठी सिंड्रेलेइतके उत्तम उदाहरण नाही, कारण तिचा दप्तरी पुरावा विपुल आहे. मरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज विदुषीने १८९३ साली या कथेची व तिच्या सख्ख्या-चुलत बहिणींची मिळून ३४५ रूपे एकत्र करून लंडनच्या फोकलोअर सोसायटीतर्फे प्रसिद्ध केली. एका कथेचा एवढा मोठा वंशवृक्ष तोपर्यंत कोणी मांडला नव्हता.

आपल्या मुलांना जी सिंड्रेला ठाऊक असते ती फ्रान्सच्या शार्ल पेरो याची, १६९७ सालची. काचेचा बूट, मध्यरात्रीची मुदत आणि परी झालेली धर्ममाता ही सामग्री त्याची. याच पेरोने दोन सावत्र बहिणींना शेवटी क्षमा करवून दरबारातील सरदारांशी त्यांची लग्नेही लावून दिली. राजदरबारी वावरणाऱ्या लेखकाला शोभेल असाच हा शेवट. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या कथेत परी नाही. तेथे मृत आईच्या थडग्यावर वाढलेले झाड मुलीला वस्त्रे देते. बहिणी बुटात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापून घेतात आणि पुढच्या आवृत्त्यांत तर कबुतरे त्यांचे डोळे फोडतात. नेपल्सच्या जांबातिस्ता बासिले याची कथा १६३० च्या दशकात, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. तिची नायिका झेझोला हिने आपल्या शिक्षिकेच्या सल्ल्यावरून पहिल्या सावत्र आईची मान पेटीच्या झाकणाखाली मोडून तिचा जीव घेतलेला आहे! शिक्षिकाच मग दुसरी सावत्र आई होऊन येते आणि सहा मुली बरोबर घेऊन येते. ही कथा आम्ही लहानांना सांगितली नाही. नववी-दहावीच्या मुलांना मात्र सांगितली. सोशिक, रडव्या सिंड्रेलेची एक थोरली बहीण अशीही होती, हे ऐकून मुली अधिक खूश झाल्या, हे येथे नमूद करणे भाग आहे.

मुलांना सर्वांत भावली ती चीनमधली येश्यान. नवव्या शतकात त्वान चेंगश हा ग्रंथकार ही कथा लिहून ठेवतो, म्हणजे पेरोच्या आधी सुमारे साडेआठशे वर्षे. येश्यानने एक सोनेरी डोळ्यांचा मासा पाळलेला असतो. सावत्र आई तो मारून खाते आणि हाडे उकिरड्यात पुरते. ती हाडे उकरून येश्यान जपून ठेवते व ती तिला हवे ते देतात. उत्सवाहून परतताना सोन्याचा जोडा निसटतो, तो विकला जाऊन दूरच्या बेटावरील राजाच्या हाती पडतो आणि तेथून शोध सुरू होतो. शेवटी सावत्र आई व तिची मुलगी दगडांच्या माऱ्याने मरतात. लोक त्यांची समाधी बांधतात. याहून जुनी एक आठवण ग्रीक भूगोलकार स्ट्राबो देतो. इजिप्तमध्ये स्नान करीत असलेल्या रोदोपिस नावाच्या स्त्रीची पादुका गरुडाने उचलली व मेम्फिस नगरीत न्यायदानास बसलेल्या राजाच्या मांडीवर टाकली. यात सावत्र आई नाही, राखही नाही. पादुका आणि राजा मात्र आहेत.

या वंशवृक्षात आमचे लक्ष सर्वांत अधिक वेधले ते कथा सांगणाऱ्यांकडे. त्वान चेंगशने ही कथा आपल्या घरच्या एका जुन्या नोकराकडून ऐकली आणि तो नोकर दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखातला होता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ग्रिम बंधूंना ही कथा मारबुर्ग शहरातील इस्पितळात राहणाऱ्या एका गरीब वृद्धेकडून मिळाली. आणि मेरी फ्रेअरला अ‍ॅनाने दिली. एका टोकाला चीनचा पंडित, मध्ये जर्मनीचे भाषाशास्त्रज्ञ आणि दुसऱ्या टोकाला गव्हर्नरची मुलगी. लेखणी यांच्या हातात होती, कथा मात्र तिघांनाही चाकरमान्यांनी किंवा निराधारांनी पुरविली. राखेत बसणाऱ्या मुलीची कथा राखेजवळ बसणाऱ्यांनीच जपावी, यात आश्चर्य नाही. मुलांच्या ध्यानी हे आले तेव्हा एकाने विचारले, ‘आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना पण गोष्टी येत असतील का?’ पुढच्या रविवारी तो त्यांच्याकडून माळवी बोलीतल्या दोन गोष्टी घेऊन आला.

सुदैवाबाईकडे परत येऊ, कारण तिची कथा अजून अर्धीच झाली आहे. युरोपातील कथा लग्नापाशी थांबते. बूट पायात बसला की पुढे ‘सुखाने नांदू लागली’. आमच्या सुदैवाबाईचे संकट लग्नानंतर सुरू होते. राजपुत्राची पहिली राणी मत्सराने तिच्या गळ्यातील माळ एका दासीकरवी चोरविते. दासीने माळ घातली की सुदैवाबाई मरते. रात्री दासी माळ काढून झोपते आणि ही पुन्हा जिवंत होते. समाधीतच तिला मूल होते आणि पुढे त्या बाळाच्या हातूनच माळ परत मिळते. मुलींनी येथे नेमका प्रश्न केला: ‘लग्न झाल्यावर गोष्ट का संपत नाही?’ आम्ही उत्तर दिले नाही, घरी आजीला विचारून या म्हणून सांगितले. आलेल्या उत्तरांतील बहुतेक छापण्याजोगी नाहीत! तथापि सासर, सवत आणि एकत्र कुटुंब यांच्या काळात बाईच्या आयुष्याची खरी कथा बोहल्यावरून उतरल्यावरच सुरू होत असे, एवढे बाराव्या वर्षीच्या मुलीलाही कळले.

ए. के. रामानुजन (१९२९-१९९३) यांनी हाच धागा पकडला होता. वाचकांपैकी बेळगाव आणि बडोद्याच्या मंडळींना त्यांचे नाव जवळचे वाटेल, कारण अमेरिकेस जाण्यापूर्वी त्यांनी या दोन्ही ठिकाणी इंग्रजी शिकविले. उत्तर कर्नाटकात ऐकलेली ‘हंची’ ही कन्नड कथा त्यांनी १९८२ साली अ‍ॅलन डंडीस यांच्या सिंड्रेलाविषयक ग्रंथात सादर केली. हंचीचे केस सोन्याचे असतात. ती आपले रूप मातीच्या मुखवट्याआड झाकून परक्या घरी चाकरी करते. ‘हंचु’ म्हणजे भाजलेल्या मातीचे कौल वा खापर. तेच तिचे नाव झाले. जोडा, बूट, मोजडी यांपैकी या कथेत काही नाही. तरीही ती सिंड्रेलेच्याच कुळातली, आणि तिलाही लग्नानंतर दुष्टाच्या कपटाला तोंड द्यावे लागते. सीमाभागातील घरांत कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. तेथील वाचकांच्या आज्यांनी ‘खापरी’ किंवा अशाच कोणा मुलीची गोष्ट सांगितली असेल, तर ती या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी.

आता दुसरी गोष्ट. पेरोच्या कथेत परी भोपळा कोरून त्याची गाडी करते, उंदरांचे घोडे, घुशीचा गाडीवान आणि सरड्यांचे हुजरे करते. हा भोपळा ग्रिमकडे नाही, चीनमध्ये नाही, अ‍ॅनाकडेही नाही. तो एकट्या पेरोचा. मराठी मुलाला मात्र गाडी झालेल्या भोपळ्याचे काहीच नवल वाटत नाही, कारण त्याची म्हातारी केव्हाच भोपळ्यात बसून लेकीकडून निघालेली असते! सिंड्रेलेवरून आम्ही भोपळ्यातल्या म्हातारीकडे वळलो ते मुलांनीच वळविले म्हणून.

म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हा खायला उठतात, ती त्यांना ‘येताना जाड होऊन येते, मग खा’ म्हणून थोपविते आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या नाकासमोरून निसटते. ही कथा आपल्या घरोघरी आहे. ती आपल्याइतकीच इराणातही आहे. तेथेही म्हातारी लेकीकडेच जाते, तेथेही हिंस्र श्वापदे आहेत आणि परतीला घरंगळणारा ‘कदू’ म्हणजे भोपळाच आहे. पोर्तुगालमध्ये म्हातारीला लांडगा भेटतो आणि ती भोपळ्याच्या पोकळ तुंब्यातून परतते. गोमंतकीय वाचकांना ही जोडी लावून पाहण्याजोगी आहे. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, यांच्या १९१० सालच्या ‘टुनटुनीर बोई’ या पुस्तकात म्हातारी कुबडी आहे. ती नातीकडे जाते आणि ‘लाउ’च्या, म्हणजे दुध्या भोपळ्याच्या, वाळक्या खोळीत बसून परतते. नातीने तिला वाटेत खायला काय दिले असावे? पोहे आणि चिंच. हे ऐकल्यावर इंदूर-उज्जैनच्या मुलांनी बंगाली म्हातारीला तत्काळ आपली म्हटले. बंगाली कोल्हा मात्र लबाडी ओळखतो आणि शेवटी म्हातारीचे दोन कुत्रे, रंगा आणि भंगा, तिला वाचवितात.

पंजाबात म्हातारी प्रवासाला निघत नाही. ती घरीच आहे आणि तिच्याकडे जातो तो एक कोकरू. फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांच्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’ (१८९४) या संग्रहात हे कोकरू आजीकडे धान्याच्या कणगीत बसून आठवडाभर खाते, लठ्ठ होते आणि परतताना ढोलक्यात बसून घरंगळत येते. ते ढोलके त्याच्याच मेलेल्या भावाच्या कातड्याचे. शेवटी कोल्हा आवाज ओळखतो आणि त्याला खाऊन टाकतो. संपली कथा. लहान मुले येथे गप्प झाली. एकीने पुस्तक परत उघडायला लावले, पुढे आणखी पान आहे का ते पाहण्यासाठी. आपल्या म्हातारीच्या सुखरूप घरी पोहोचण्याची किंमत मुलांना जाणवली ती त्या दिवशी. कोकरू मरते हे कळल्याखेरीज म्हातारी वाचली याचा खरा आनंद होत नाही. तुलना करून शिकविण्याने जे साधते ते एका कथेच्या शंभर पारायणांनी साधत नाही, असे आमचे मत झाले आहे.

‘वाट पाहा, जाड होऊन येते’ या युक्तीला लोककथाशास्त्रज्ञांनी १२२ फ असा क्रमांक दिला आहे आणि सिंड्रेलेला ५१० अ. फिनलंडच्या अंटी आर्ने यांनी १९१० साली ही क्रमवारी सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी ती वाढविली आणि २००४ साली जर्मनीच्या हान्स-योर्ग उथर यांनी ती नव्याने बांधली. मुलांना क्रमांकांची गंमत वाटते, म्हणून सांगावेत. त्याहून अधिक महत्त्व त्यांना देऊ नये. दप्तरात फाईल कुठे ठेवली हे क्रमांकाने कळते, फायलीत काय आहे ते कळत नाही.

आणखी एका मोहापासून सावध राहावे लागते. १८५९ साली थिओडोर बेनफाय या जर्मन पंडिताने पंचतंत्राचे भाषांतर प्रसिद्ध करताना असा सिद्धांत मांडला की, युरोपातील बहुतेक कथा हिंदुस्थानातून गेल्या. पंचतंत्राचा प्रवास खराच अद्भुत आहे. सहाव्या शतकात ते पहलवीत गेले, आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत आणि तेथून युरोपभर. आपल्या अभिमानाला हे गोड वाटते. वर्गात एका पालकांनी उठून, ‘म्हणजे सगळ्या गोष्टी आपल्याच ना?’ असे विचारलेही. परंतु पंचतंत्राची साखळी हस्तलिखितांनी सिद्ध आहे म्हणून प्रत्येक घरगुती कथेची तशीच आहे असे ठरत नाही आणि बेनफायचा सिद्धांत पुढील अभ्यासकांनी एवढ्या विस्ताराने मान्यही केला नाही. शिवाय देवघेव उलट बाजूनेही झाली आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली ती इसापच्या कथांची. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी ती एक. पुणे-मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ व ‘इसपनीति’ यायला त्यानंतर दोन दशके जावी लागली. परक्या देशाची गोष्ट मराठी मुलाच्या हाती छापील रूपात प्रथम ठेवली ती महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी घराण्याने, याचा अभिमान बाळगावयास आमची हरकत नाही.

भोपळ्याबद्दल एक ऐतिहासिक शंका मुलांनीच काढली. तांबडा भोपळा हा अमेरिका खंडातला. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर तो जुन्या जगात पसरला. त्याआधी या देशात तो नव्हता. दुध्या भोपळा मात्र आशिया-आफ्रिकेत हजारो वर्षे जुना. मग म्हातारी बसली कशात? पुस्तकांतील चित्रांत ती तांबड्या, चपट्या, खोबणी असलेल्या भोपळ्यात बसलेली असते. ओला भोपळा कितीही मोठा असला तरी टुणकन् उडणार नाही, ठप्पकन् फुटेल. वाळवून आतून कोरलेला कडू भोपळा मात्र हलका, टणक आणि पोकळ. मिरजेच्या कारागिरांच्या तंबोऱ्याला आणि बैराग्याच्या खांद्याला जो असतो तो; नदी पोहून जाण्यासाठी पोटाशी बांधीत तोही तोच. बंगाली ‘लाउ’ची साक्षही त्याच बाजूची.

याच्याशी निगडित एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. वर्गातील एका मुलीची आजी मूळची ग्वाल्हेरकडची. घराणे शिंद्यांच्या चाकरीत तिकडे गेले त्याला सात पिढ्या झाल्या. आजी गोष्ट सांगे ती अशी, की म्हातारी ‘तुंबडीत’ बसली आणि तुंबडी ‘लुढकत’ निघाली. मुलीने शाळेतल्या एका कार्यक्रमात गोष्ट तशीच सांगितली. बाईंनी तिला सर्वांसमक्ष थांबविले. तुंबडी नव्हे भोपळा, लुढकत हा मराठी शब्द नव्हे. मुलगी घरी आली आणि आजीला म्हणाली, ‘तुला नीट येत नाही, तू सांगू नको.’ आजीने त्यानंतर गोष्ट सांगणे बंद केले. दोन वर्षे तिने घरात एकही गोष्ट सांगितली नाही, हे आम्हांला तिच्या सुनेकडून कळले.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत अशा किती आज्या गप्प झाल्या असतील! पुण्याचे पुस्तक हाती आले की आपल्याला आपली मराठी उणी वाटू लागते. मडगावची, शहापूरची, सुलतानबाजारची, लष्करची, मांडवीची, ज्या ज्या ठिकाणी आपण तीन-चार पिढ्या मुळे धरली तेथली बोली आपण मुलांसमोर ‘चुकीची’ म्हणून दडवितो. भाषेचे शुद्धत्व शाळेने पाहावे, त्याला आमचा विरोध नाही. निबंधात ‘लुढकत’ लिहिले तर गुण कापावेत. पण कथेच्या बाबतीत तुंबडी हीच जुनी प्रत असण्याची शक्यता भोपळ्याहून अधिक आहे, हे वर दिलेल्या पुराव्यावरून उघड आहे. आणि ती तशी नसती, तरीही ती त्या आजीची होती. अ‍ॅनाच्या आजीने कालिकतपासून आणलेल्या कथेत गोव्याचा शब्द मिसळला म्हणून कोणी तिला थांबविले असते, तर सुदैवाबाईची मोजडी डोंगराखालीच राहिली असती.

आम्ही वर्गाच्या वहीत नकाशा काढविला. त्यावर इराण, पोर्तुगाल, बंगाल आणि पंजाब यांच्या जोडीला मुलांनी ग्वाल्हेर लिहिले व पुढे ‘तुंबडी’. मग आजीकडे निरोप पाठविला की, नकाशावरची एक जागा आपल्याशिवाय पुरी होत नाही. तिसऱ्या रविवारी त्या नातीचा हात धरून आल्या. खुर्चीवर बसायला तयार झाल्या नाहीत, सतरंजीवरच बसल्या. गोष्ट सांगताना एकदोन ठिकाणी थांबून आमच्याकडे पाहिले, जणू तपासनिसाकडे पाहावे तसे. मग त्या विसरल्या. त्यांच्या गोष्टीत वाघ नव्हता. त्याऐवजी चंबळच्या घळीतला एक दरोडेखोर होता आणि म्हातारीने त्यालाही जाड होऊन येण्याचे वचन दिले होते. त्याला ती जाड होऊन काय उपयोग, असे एका मुलाने विचारताच आजी क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, लेकीने दिलेले दागिने अंगावर घालून ती जाड होणार होती.’

वहीत ते उत्तर, तारीख आणि सांगणाऱ्या आजींचे गाव मुलांनी लिहून घेतले आहे. चंबळचे पान भरले. वडोदरा आणि हैदराबाद ही पाने अजून कोरी आहेत.